वरातीतले टँकर

आमच्या व्याह्यांनी मला आजवर जेवढे धक्के दिले, तेवढे माझ्या सख्ख्या भावंडांनी, सगळ्या साहेबांनी आणि बाथरूममधल्या जुन्या गीझरने मिळून दिले नसतील. डॉक्टरांनी मला रक्तदाबाची गोळी सुरू केली ती मुलीच्या लग्नानंतर. लग्नाच्या दगदगीने झालं असेल असा घरात सगळ्यांचा समज आहे आणि तो मी तसाच राहू दिला आहे, कारण माणूस मनाने इतका निर्मळ की त्याच्यावर आळ घेताना माझीच जीभ अडखळते. दोष म्हणाल तर एकच. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. लोक दुसऱ्यांची गुपितं फोडतात, आमचे व्याही स्वतःपासून सुरुवात करतात. मूळचे सटाण्याकडचे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने नाशकात आले, सातपूरला फ्लॅट घेतला, मुलं शिकवली, बोलणंही शहरी करून घेतलं. पण एखादी गोष्ट पोटातून वर यायला लागली की आधी अहिराणी बाहेर येते आणि तिच्या मागोमाग ती गोष्ट. "खरं शे ते सांगतो," असं ते म्हणाले की मी हातातला कप खाली ठेवतो.

पहिला धक्का लग्नाच्या बोलणीतच बसला. मुलाकडची मंडळी नाशिक रोडला आमच्याकडे आली होती. पोहे झाले, चहा झाला, मी घसा साफ करून मुलाची रीतसर चौकशी सुरू केली. मुलाने तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "खरं शे ते सांगतो. पोरगा निर्व्यसनी आहे, पण आळशी आहे. सकाळी त्याला उठवणं म्हणजे गावजेवण घालण्याएवढं काम. त्याची आई स्वयंपाक झकास करते, पण मीठ विसरते. आणि मला शुगर आहे, ती अजून घरात कुणाला सांगितलेली नाही." विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या. नवऱ्याच्या शुगरची बातमी त्यांना आमच्या दिवाणखान्यात, परक्यांच्या बशा हातात धरून कळली. स्थळ हातचं गेलं असं मी धरूनच चाललो होतो, तर बायको मला आत ओढून म्हणाली, "हे स्थळ सोडायचं नाही हं. एवढं सांगून टाकल्यावर लपवायला यांच्याकडे उरलं काय?" झालं, लग्न ठरलं. लग्नातही पंगतीत फिरून आग्रह करायचा सोडून हे गृहस्थ प्रत्येकाच्या कानाशी लागून, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते, "मठ्ठा घेऊ नका, फार आंबट झालाय. जिलबी घ्या, जिलबी बरी आहे." जेवणाची बाजू आमची होती.

पुढे त्यांच्या हाती मोबाइल आला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, पण व्याह्यांबद्दल असं बोलणं बरं नव्हे. एवढंच सांगतो की पूर्वी त्यांचं खरं शेजारपाजारपर्यंत जायचं, ते आता दुबईच्या भाच्यापर्यंत जायला लागलं. फोन कायम स्पीकरवर. कानाला लावला की अर्धंच ऐकू येतं म्हणतात, आणि लपवायचंय काय? त्यांच्या इमारतीच्या जिन्यात कुणीतरी पान खाऊन थुंकत असे. कॅमेरे बसले, चित्रण निघालं, आणि कमिटीने चोर ओळखण्यासाठी बैठक बोलवायच्या आत यांनी इमारतीच्या ग्रुपवर फोटो टाकून खाली लिहिलं, "हे माझे मेहुणे आहेत. रविवारी येऊन भिंत स्वतः पुसतील." मेहुण्यांनी पुसली. तेव्हापासून ते यांच्याकडे येतात, पण तोंड मिटून येतात. ऑफिसात चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्र आलं तेव्हा तर कहरच झाला. सगळे जण सकाळी यंत्राला तोंड दाखवून खालच्या टपरीवर जायचे. एक दिवस मोठ्या साहेबांनी आकडे बघून खुशीत विचारलं की आता हजेरी कशी वाटते. हे म्हणाले, "उत्तम, साहेब. चेहरे सगळे कामावर आहेत, बाकीची माणसं तेवढी चहाला गेलीत." त्या दिवशी ऑफिसात यांच्याशी कुणी बोललं नाही. यांच्या ते लक्षातच आलं नाही, कारण बोलत तेच होते.

अशा माणसाला सरकारने नेमकं टँकरवर लक्ष ठेवायला बसवलं, याला काय म्हणावं. कुठलं ऑफिस, कुठला विभाग ते विचारू नका, मी सांगणार नाही. मी काही आमचे व्याही नव्हे. उन्हाळ्यात पेठ-सुरगाण्याच्या डोंगराकडच्या पाड्यांवर पाण्याचे टँकर जातात. ठेकेदाराने पाणी भलतीकडे नेऊ नये म्हणून प्रत्येक टँकरवर एक यंत्र बसवलेलं असतं, आणि टँकर कुठे आहे ते ऑफिसातल्या पडद्यावर हिरव्या ठिपक्याने दिसतं. ठिपका पाड्यावर पोचला की पाणी पोचलं. तेच ठिपके यांच्या मोबाइलमध्येही दिसत. व्याह्यांचा त्या ठिपक्यांवर भारी जीव. जेवताना ताटाशेजारी मोबाइल, नातवाला मांडीवर घेतलं तरी दुसऱ्या हातात मोबाइल. "हा बघा, हा चढला घाट," असं कौतुकाने सांगायचे. निवृत्ती जवळ आली होती, आणि एवढ्या वर्षांत हाताखालून गेलेल्या कामात हे एकच काम असं की ज्याचं पाणी माणसाच्या तोंडात जातं, असं ते म्हणत. मला हसू यायचं. आता येत नाही.

परवाच्या मे महिन्यात त्यांच्या शिपायाच्या मुलीचं लग्न पेठकडच्या एका पाड्यावर होतं. पत्रिका सगळ्या ऑफिसला होती, जाणार कुणीच नव्हतं. हे निघाले. यांची स्कूटर घाट चढणार नाही, म्हणून मला फोन, "व्याही, गाडी काढा." घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं अशी म्हण आहे, इथे व्याही माझंच घोडं मागत होते. पण मुलीच्या सासरी नाही म्हणायची सोय नसते. निघालो. सावळघाटात यांनी मोबाइल पुढे धरला. "बघा, आपल्या पुढेच टँकर चाललाय. एक नव्हे, सगळी रांगच आहे." मी समोर बघितलं. उन्हाने पांढरा पडलेला रस्ता आणि एक मोटरसायकल, बस्स. "वळणापलीकडे असतील," ते म्हणाले. वळण आलं, गेलं, दुसरं आलं. टँकर काही दिसेना. मला वाटलं माझाच चष्मा बदलायला झाला.

पाड्यावर पोचलो तर मांडव भरलेला, डीजे दणाणत होता, पहिली पंगत बसली होती. त्या पाड्यावर पाणी नव्हतं, पण मोबाइलला रेंज होती. शिपायाने साहेब आले म्हणून आम्हाला खुर्च्या दिल्या, आणि पाण्याचा तांब्या दिला तो तळाशी चार घोट असलेला. लग्नाचा स्वयंपाक बायांनी खालच्या ओढ्यात खणलेल्या झिऱ्यावरून वाटी-वाटीने भरलेल्या हंड्यांवर केला होता. यांनी विचारलं, "का रे, टँकर येतो ना?" शिपाई ओशाळून म्हणाला, "येतो म्हंत्यात, साहेब. आमी नाय पाह्यला." यांनी लगेच मोबाइल काढला, आणि चेहरा फुलला. एक टँकर नव्हे, त्या भागातले सगळेच्या सगळे ठिपके याच पाड्यावर येऊन थांबले होते. लग्नघर बघून ठेकेदाराने जास्तीचे धाडले असणार असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. मी हात धरणार तोवर ते उठून उभे राहिलेले. "बायांनो, पानी उनं, आलं पाणी. सगळे टँकर उनात. विहिरीवर जा, हंडे घ्या."

त्या बाया उठल्या. पानावरून उठल्या हो. वरण ओतलेलं तसंच टाकून, पदर खोचून, हंडे-कळशा-बादल्या जे हाताला लागेल ते घेऊन भर उन्हात विहिरीकडे पळाल्या. नवरीची आत्या सगळ्यांत पुढे. म्हाताऱ्या बायका, लेकरं काखेत असलेल्या पोरी, सगळ्या गेल्या. आणि कोरड्या ठणठणीत विहिरीच्या कडेने हंडे घेऊन उभ्या राहिल्या. टँकर नव्हता. टँकरचा आवाज नव्हता, रस्त्यावर धुरळासुद्धा नव्हता. हे विहिरीकडे बघतात, मोबाइलकडे बघतात, मोबाइल बंद करून चालू करतात. ठिपके जागचे हलेनात. शेवटी नवरीची आत्या रिकामा हंडा कमरेवर घेऊन यांच्यासमोर आली. रागावली नाही ती, नुसतं म्हणाली, "साहेब, तुमच्या मोबाइलात पाणी आलं. आमच्या इहिरीत नाय आलं." व्याही पुन्हा मोबाइलकडे बघायला लागले.

तेवढ्यात वरात निघाली, आणि ठिपकेही निघाले. सगळे टँकर मारुतीच्या देवळापासून मांडवाकडे रांगत चालले होते. डीजे थांबला की थांबायचे, गाणं बदललं की पुढे सरकायचे. हे मोबाइल धरून वरातीत शिरले, मी यांच्या मागे. नवरदेवाच्या पुढे एक रंगेल गडी पाठीवर मोठी पिशवी घेऊन नाचत होता. तो डावीकडे गेला की टँकर डावीकडे, तो उजवीकडे गेला की टँकर उजवीकडे. यांनी त्याला धरून बाजूला घेतलं, पिशवी उघडायला लावली. आत सगळ्या टँकरांची यंत्रं, वायरी काढून एका गाडीच्या बॅटरीला जोडलेली, शहाण्यासारखी लुकलुकत होती. मी खालीच बसलो. आणि तो गडी जरासुद्धा बावरला नाही. "ड्युटीवर हाय, साहेब," म्हणाला. "शेठनी मोटरसायकल दिलीय, पेट्रोल देत्यात. रोज पाड्यापाड्यानी यंत्रं फिरवून आणतो. आज मावसभावाचं लगीन, घरी ठेवली तर शेठ वरडतील, म्हून संगं आणली." टँकर कुठे आहेत, तर त्याला माहीत नव्हतं. "मी निस्ती यंत्रं फिरवतो. आजवर खाडा नाय केला." त्याला खरंच वाटत होतं की तो पाणीपुरवठ्यात नोकरीला आहे.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? पिशवी ताब्यात घेऊन, गुपचूप ऑफिसात नेऊन, साहेबांच्या कानावर घातलं असतं. मी तेच सुचवत होतो. आमचे व्याही डीजेच्या गाडीवर चढले. माइक हातात घेतला, पिशवी उंच धरली आणि म्हणाले, "बायांनो, माझी चूक झाली. तुम्हाला जेवणावरून उठवलं. तुमचे टँकर या पिशवीत शेतस. दोन महिने मी ऑफिसात बसून पिशवीवर लक्ष ठेवत होतो, आणि पाणी पोचलं म्हणून वर कळवत होतो." डीजे बंद पडला. नवरदेव घोड्यावर तसाच. आणि मग सगळ्या वरातीने मोबाइल वर केले. संध्याकाळी आम्ही नाशकात परत यायच्या आत आम्ही सगळीकडे पोचलो होतो. त्या व्हिडिओत व्याही आहेत, पिशवी आहे, आणि पाठीमागे जमिनीवर बसून डोक्याला हात लावलेला जो माणूस दिसतो, तो मी. दुबईच्या भाच्याचा मला फोन आला, तब्येत बरी आहे ना म्हणून.

पुढे जे झालं त्याने मला तोवरचा सगळ्यात मोठा हादरा बसला. मला आपलं वाटत होतं, आता ठेकेदार आत जाणार, यांना शाबासकी मिळणार. निलंबित झाले आमचे व्याही. सरकारी यंत्रणेची माहिती खासगी समारंभात जाहीर केली, सरकारची प्रतिमा मलिन केली. मोठे साहेब म्हणाले म्हणे, "आधी मला खासगीत सांगायचं होतंत." हे म्हणाले, "साहेब, बाया विहिरीवर उभ्या होत्या. तुम्ही लांब होतात." ठेकेदाराची चौकशी चालू आहे. ती चालू असताना टँकरही त्याचेच चालू आहेत. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण चांगल्या कामांसाठी असावी, निलंबनाचा कागद दुसऱ्या दिवशी घरपोच आला.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. जावई बापाशी बोलेना, विहीणबाईंचं मीठ विसरायचं थांबलं, उलट दोनदा पडायला लागलं. मुलीचा मला फोन, "बाबा, तुम्ही समजावून सांगा ना त्यांना. साहेबांनी निरोप पाठवलाय. व्हिडिओ गैरसमजातून झाला, पाणी रोज वेळेवर पोचत होतं, एवढं सही करून द्यायचं. लगेच परत घेतात म्हणे." मी गेलो. हात दाखवून अवलक्षण कशाला, निवृत्ती तोंडावर आली, शेवट गोड करून घ्या, तुमच्या एका सहीने कोण मरणार आहे, असं सगळं मी वाटेत जुळवत गेलो होतो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये बोलले नाहीत याचंच मला नवल वाटलं. मग म्हणाले, "पाणी पोचत होतं असं मी लिहून दिलं, तर ती हंडेवाली बाई खोटी पडते. आणि उद्या टँकर नाही आला तर कुणाचं तोंड घेऊन सांगेल?" मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही कोण आता? तुम्हाला खुर्ची नाही, पडदा नाही. आता तुम्ही घरी बसून त्यांचं काय भलं करणार?" बोलून गेलो, आणि मला वाईट वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. स्पीकरवरच. नवरीची आत्या होती. "साहेब, आला टँकर. इहिरीत वतला."

"पूर्ण वतला का?" हे ताठ बसले.

"पूर्ण. मी उभी व्हते. डायवरला देऊ?"

ड्रायव्हर फोनवर आला. "खाली केला, साहेब. गढूळ नाय, चांगलं हाय."

"शाब्बास. परवा पुन्हा?"

"परवा येतो, साहेब."

फोन बंद झाला. व्हिडिओनंतर त्या एका पाड्यावर टँकर यायला लागला होता, आणि आला की ही बाई ड्रायव्हरच्या देखत यांना फोन लावायची. बाकीच्या पाड्यांचं काय, असं मी विचारलं. "त्यांच्याकडे माझा नंबर नाही," ते म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली कारखान्यांची पाळी सुटून माणसं बसकडे चालली होती. मला राहवेना. मी म्हटलं, "त्या ड्रायव्हरला कळेलच की तुम्ही निलंबित आहात. मग कशाला तो तुमचं ऐकेल?"

"कळलंय त्याला. मीच सांगितलं पहिल्या दिवशी. मला कुठे राहवतं? म्हटलं, बाबा रे, मी आता साहेब नाही, मला काढलंय." त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. "तो फोन घेऊन बाजूला गेला. मग हळूच म्हणाला, बरं. मग बायांना नका सांगू, साहेब. त्या फोन करायच्या थांबल्या, तर इथं कुनी बघत नाय म्हून शेठ मला दुसरीकडे धाडंल."

"आणि तुम्ही?"

"नाही सांगितलं."

एवढ्या वर्षांत या माणसाने मला किती दचकवलं, पण त्या दोन शब्दांसारखं कधी नाही. त्यांचा चेहरा पडलेला होता. माझ्याकडे न बघता, दुसऱ्याच कुणाचा असावा अशा बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "पाऊस लागेपर्यंतच. चालेल ना हो, व्याही?"

चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार?